पुढच्या चाकाची कटकट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते सायकलच्या चाकातल्या छऱ्यांविषयी. विषय ऐकून कुणी रेडिओचे बटण फिरवणार असेल तर त्यांना विनंती, जरा थांबा. मी सायकल मिस्त्री नाही. मी एकतीस वर्षे सांगलीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवले आणि आता निवृत्त आहे. घर्षणाचा धडा आला की दरवर्षी मी फळ्यावर सायकलच्या चाकाचे चित्र काढायचो, मधोमध एक गोल, त्याच्याभोवती आणखी एक गोल आणि दोन्हींच्या मधल्या जागेत छोटे छोटे छर्रे. मग मुलांना सांगायचो, वस्तू घसरताना जेवढे घर्षण होते त्याच्यापेक्षा गडगडताना फार कमी होते, म्हणून चाकात छर्रे घालतात. मुले ते लिहून घ्यायची, परीक्षेत उतरवायची, मी दोन गुण द्यायचो. या एकतीस वर्षांत मी एकदाही चाकाचा हब उघडून आत पाहिले नव्हते. कुणी मुलानेही कधी विचारले नाही की, सर, तुम्ही पाहिलेत का?

आम्ही गावभागात राहतो, दुसऱ्या मजल्यावर. पहाटे साडेपाचला पेपर येतो. पेपर येण्याआधी पेपरवाल्या मुलाची सायकल यायची, म्हणजे तिचा आवाज यायचा. कट्, कट्, मध्येच एक बारीक किंचाळी, पुन्हा कट्, कट्. गल्लीच्या तोंडाशी तो आवाज सुरू व्हायचा, प्रत्येक दारापाशी थांबायचा आणि मग आमच्या गॅलरीत फट्दिशी पेपर पडायचा. मला गजराची गरजच नव्हती. पण निवृत्त मास्तराला स्वस्थ बसवत नाही. एके दिवशी मी खाली उतरलो आणि त्याला थांबवले.

मुलगा सांगलीवाडीचा, अकरावीत शिकणारा. पहाटे चारला उठून आयर्विन पूल ओलांडून गावात यायचे, गठ्ठे घ्यायचे, गावभागातली घरे करायची, मग पुन्हा पूल ओलांडून वाडीतले पेपर टाकायचे आणि आंघोळ करून कॉलेजला जायचे, असा त्याचा दिवस. सायकल वडिलांची. काळी, उंच, अठ्ठावीस इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची, आपल्याकडे दूधवाले वापरतात तशी. वडील मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात.

त्या सायकलचा इतिहास त्यानेच सांगितला. ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण सांगलीकर विसरणार नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. या कुटुंबाने अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडले. सायकल घरात राहिली आणि आठवडाभर कृष्णेच्या पाण्याखाली होती. पाणी उतरल्यावर वडिलांनी ती धुतली, चेनला तेल दिले आणि भिंतीला टेकवून ठेवली. नंतर ते दुसऱ्याच्या गाडीवरून कामाला जाऊ लागले आणि सायकल तशीच उभी राहिली. मुलाला पेपरची लाइन मिळाली तेव्हा त्याने ती पुसली, नवे टायर-ट्यूब घातले आणि बाहेर काढली. चाकाच्या पोटात काय गेले आहे ते कुणी पाहिले नव्हते.

‘‘दुकानात दाखवलं का रे?’’ मी विचारले.

‘‘दाखवलं सर. ते म्हणत्यात, आख्खं चाकच बदल. आता कोण खोलत बसतंय? आणि दोन दिवस सायकल ठिवून घेणार. मग लाइन कशी करू?’’

मी म्हणालो, ‘‘रविवारी दुपारी घेऊन ये. मी बघतो.’’

हे वाक्य माझ्या तोंडून कसे निघाले, हे मला आजही सांगता येणार नाही. धीर यावा म्हणून मी लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण काढली. तेही मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते आणि १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. त्या दुकानापासून सुरू झालेला रस्ता पुढे आपल्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीपर्यंत आला. आमची सौ. म्हणाली, ‘‘त्यांना हात होते.’’ असो.

रविवारी सायकल आली. अंगणात ती उलटी केली, म्हणजे सीट आणि हँडल जमिनीवर, चाके वर. पुढचे चाक हाताने फिरवले. दोन फेरे झाले आणि ते ब्रेक लावल्यासारखे थांबले. टायर धरून डावी-उजवीकडे हलवले तर डुगडुगत होते. म्हणजे एकीकडे अडकतही होते आणि दुसरीकडे सैलही होते. चिमट्याच्या बाहेरचे दोन्ही नट काढले, चाक सुटले. खाली जुनी रविवारची पुरवणी पसरली होती, छर्रे घरंगळू नयेत म्हणून.

ज्यांनी हे आत कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चाकाच्या मधोमध जो लोखंडी नळीसारखा भाग असतो, ज्याला सगळ्या तारा जोडलेल्या असतात, तो हब. हबच्या दोन्ही तोंडांशी आतून एकेक पोलादी वाटी ठोकून बसवलेली असते, तिला कप म्हणतात. मधून आस जातो. आसावर दोन्ही बाजूंना निमुळत्या तोंडाचे दोन नट असतात, त्यांना मिस्त्री लोक कोन म्हणतात. कप आणि कोन यांच्या मध्ये छर्रे. कोन आत फिरवला की छऱ्यांवर दाब वाढतो, बाहेर फिरवला की चाक सैल होते. या सायकलीत एका बाजूचा कोन आसावर घट्ट बसलेला होता आणि दुसऱ्या बाजूचा फिरवून जुळवायचा होता. दोन्ही बाजूंचे कोन सारखेच दिसतात, पण तसे ते नसतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरून रामायण घडणार आहे.

कोन काढला आणि आत जे दिसले ते ग्रीस नव्हतेच. तो गाळ होता. कृष्णाकाठचा काळाभोर, मऊ गाळ, गंजाने तांबूस झालेला आणि वाळून डिंकासारखा घट्ट बसलेला. महापूर ओसरून इतकी वर्षे झाली होती, घरांच्या भिंतींवरच्या रेषाही रंगाखाली गेल्या होत्या. या हबमध्ये मात्र तो होता तसा बसून होता. मुलाने बोट लावून वास घेतला. म्हणाला, ‘‘आमच्या घरात आसाच वास यायचा सर, लई दिवस.’’

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने वाटीभर डिझेल दिले होते. त्यात सगळे भाग बुडवून जुन्या टूथब्रशने घासले. छर्रे मोजले. पुढच्या चाकात प्रत्येक बाजूला दहा, म्हणजे वीस हवेत. आमच्याकडे एकोणीस निघाले, विसावा दोन तुकड्यांत. जे अखंड होते त्यांची चकाकी गेली होती आणि त्यांच्यावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडले होते. पण खरी गंमत कोनावर होती. छर्रा जिथून फिरतो त्या पट्ट्यावर सारख्या सारख्या अंतरावर गंजाचे दहा ठिपके होते, घड्याळाच्या तबकडीवर असावेत तसे. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. सायकल भिंतीला टेकून उभी होती त्या काळात दहा छर्रे जिथे थांबले होते तिथेच ओल धरली होती आणि तेवढीच जागा गंजाने खाल्ली होती. पुढे चाक फिरू लागले तेव्हा प्रत्येक छर्रा त्या खड्ड्यांत पडू लागला. पहाटेचे कट्, कट् होते ते हेच!

मुलगा वाकून पाहत होता. मी त्याला सगळे समजावले. वर्गात कधी शिकवले नसेल इतके चांगले शिकवले, असे मला त्या वेळी वाटले. चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर, म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे सुमारे साडेचारशे फेरे. त्याची रोजची रपेट अकरा किलोमीटरची, म्हणजे पाच हजार फेरे. एवढे फेरे या खड्ड्यांतून रोज होत होते. त्याने तोंडी हिशेब केला आणि म्हणाला, ‘‘महिन्याला दीड लाख, सर.’’

छर्रे आणायला मी दुकानात गेलो. नमुना म्हणून एक जुना छर्रा खिशात नेला होता. दुकानदाराने तो पाहिलाही नाही. विचारले, ‘‘पुढचे का मागचे?’’ पुढच्या चाकाचे छर्रे तीन सोळांश इंची, मागचे पाव इंची. मागच्या चाकावर भार जास्त म्हणून तिथे मोठे, आणि ते एका बाजूला नऊच बसतात. ओळखीशिवाय पाहिले तर दोन्हींत फरक कळत नाही, कारण तो जेमतेम दीड मिलिमीटरचा आहे. एक मुद्दा मात्र मला ठाऊक होता, तो सांगून ठेवतो. जुने आणि नवे छर्रे एकत्र घालू नयेत. जुने झिजलेले असतात, भार सगळा नव्या मोठ्या छऱ्यांवर येतो. घालायचे तर सगळे नवे.

एवढ्याशा छऱ्याचीही एक कुळकथा आहे. वेल्समधल्या फिलिप व्हॉन नावाच्या गृहस्थाने १७९४ साली गाडीच्या आसासाठी छऱ्यांचे पेटंट घेतले. सायकलसाठी ते पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याने १८६९ मध्ये घेतले. पण अडचण होती ती सगळे छर्रे एकसारखे करण्याची. एखादाही छर्रा केसभर मोठा निघाला तर सगळा भार त्याच्यावर येतो आणि तो फुटतो. १८८३ साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिश फिशर याने छर्रे एकसारखे गोल घासणारे यंत्र बनवले, तेव्हा कुठे ते स्वस्त आणि मुबलक झाले. म्हणून आज सांगलीतला दुकानदार न बघता मूठभर छर्रे कागदात बांधून देतो आणि ते सगळे सारखे निघतात.

दुकानात कोनही मिळत होते. मी घेतले नाहीत. पैशाचा प्रश्न नव्हता, किंमत फार नव्हती. मला वाटले, एवढ्याशा ठिपक्यांसाठी कोन कशाला बदलायचा? घरी येऊन मी पॉलिश पेपरने कोन घासला, ठिपके जाईपर्यंत घासला. तो आरशासारखा चकाकू लागला. मुलगा म्हणाला, ‘‘सर, नव्यागत झालं की!’’ मला फार बरे वाटले.

मग कपात ग्रीस भरले. ग्रीसमध्ये छर्रे चिकटून राहतात, त्यामुळे एकेक करून दहा मांडता येतात. मी एक खाली पाडला तो तुळशीच्या कुंडीखाली गेला. निवृत्तीच्या दिवशी प्रयोगशाळेच्या शिपायाने आठवण म्हणून एक पट्टीचुंबक दिला होता, त्याने तो काढला. आस घातला, कोन बसवला, चाक चिमट्यात अडकवले, नट आवळले. चाक डुगडुगायचे बंद झाले. फिरवले तर आवाज नाही. मुलगा अंगणात दोन फेऱ्या मारून आला. सौ.ने त्याला पोहे दिले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम जागा होतो. गल्लीत काही आवाज आला नाही, थेट पेपरच पडला.

नवव्या-दहाव्या दिवशी बारीक चिवचिव ऐकू आली. मी ऐकली आणि कूस बदलली. मागच्या चाकाची असेल, म्हटले.

दोन आठवडे झाले. सोमवार उजाडला. साडेपाच वाजले, सहा वाजले, काही आवाज नाही. मी सौ.ला म्हणालो, ‘‘ऐकलंस? चिवचिवही गेली.’’ ती म्हणाली, ‘‘पेपर तरी आलाय का?’’ पेपर सव्वासातला आला. मी गॅलरीतून पाहिले तर मुलगा चालत येत होता. खांद्यावर पेपरची पिशवी, एका हाताला बँडेज, गुडघ्यावर पट्टी.

मी धावत खाली गेलो. रविवारी सकाळी, म्हणजे पुरवण्यांमुळे ओझे जास्त असते त्या दिवशी, तो गावभाग संपवून वाडीकडे निघाला होता. पुलावरून उतरताना पुढचे चाक जागच्या जागी अडकले आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. मागून टेम्पो येत होता, त्याने ब्रेक मारला म्हणून बरे. पेपर पुलावर उडाले. त्या वेळी मी वर गॅलरीत बसून चहाबरोबर त्याच दिवशीची पुरवणी वाचत होतो.

‘‘आधी काही कळलं नाही का रे?’’ मी विचारले.

‘‘दोन दिवस जड चालत हुती सर. पण म्हटलं, सरांनी केलंया म्हंजे बरोबरच आसंल.’’

श्रोतेहो, हे वाक्य त्याने तक्रार म्हणून म्हटले नव्हते. तसे म्हटले असते तर मला सोपे गेले असते.

एजंटाने रविवारच्या गोंधळाचे आणि पुढच्या दोन दिवसांचे पैसे कापले होते. मी म्हणालो, सायकल आण, पुन्हा बघतो. तो खाली बघत म्हणाला, ‘‘राहू दे सर, दुकानातच दाखवतो.’’ आणि पुढच्या दाराकडे गेला. सौ. सगळे ऐकत होती. म्हणाली, ‘‘तुम्ही त्याला दुकानासाठी पैसे द्यायला हवे होते. शिकायचं होतं तर आपल्या सायकलवर शिकायचं.’’ माझ्याकडे सायकल नाही, हे उत्तर मी दिले नाही.

त्या दिवशी दुपारी मी एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. वय माझ्याहून जास्त, दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी. हवा, पंक्चर आणि चाकाचा आऊट काढणे एवढेच काम आता येते. मी सगळे सांगितले, पॉलिश पेपरसकट. ते हसले नाहीत. त्यांनी विचारले, ‘‘फिरवायचा कोन कुठल्या अंगाला ठेवलात?’’

मला आठवेना. कोन कुठल्या बाजूला होता हे चाक काढताना मी पाहिलेच नव्हते.

‘‘उजव्या अंगाला ठेवला असणार. मग तो आपला आपणच आवळत जातो.’’

त्यांनी टपरीबाहेरच्या सायकलच्या उजव्या बाजूला मला उभे केले आणि पुढचे चाक फिरवून दाखवले. तुम्हीही मनात चित्र आणा. उजव्या बाजूने पाहिले तर पुढे जाणारे चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. नट कुठल्या दिशेने फिरवला की आवळतो? घड्याळाच्याच. आता फिरणारे छर्रे कोनाला थोडे थोडे आपल्याबरोबर ओढत असतात. बाहेरचा नट नीट आवळलेला नसेल तर कोन केसाकेसाने त्याच दिशेला सरकतो, म्हणजे आत जातो. छऱ्यांवर दाब वाढतो, दाब वाढला की ओढ वाढते, ओढ वाढली की कोन आणखी आत. शेवटी चाक अडकते. डाव्या बाजूला हेच उलटे घडते. तिथे कोन सरकलाच तर सैल होतो, चाक डुगडुगू लागते, माणसाला कळते आणि तो थांबतो. म्हणून फिरवायचा कोन नेहमी डाव्या हाताला. मी एकतीस वर्षे फळ्यावर काढलेल्या चित्राला डावे-उजवे नव्हते.

‘‘आणि कोन घासलात ते वेगळंच,’’ मिस्त्री म्हणाले. कोनाची फक्त वरची कातडी कडक केलेली असते, आतले पोलाद मऊ असते. मी घासून घासून ती कडक कातडीच काढली होती. मऊ पोलादात छऱ्यांनी दोन आठवड्यांत नाली पाडली, तिचा चुरा ग्रीसमध्ये मिसळला. चिवचिव तिची होती. खड्डा पडलेला कोन दुरुस्त होत नाही, तो बदलायचाच असतो. हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते.

मी त्यांना म्हणालो, मुलाला घेऊन येतो, तुम्ही करा. ते म्हणाले, ‘‘मी कशाला? तुम्हीच करा, मी बघतो.’’

मुलाला आणणे सोपे गेले नाही. मी त्याच्या घरी गेलो, सांगलीवाडीत. वडील घरी होते. माझ्यासाठी खुर्ची आणली. मी उभ्यानेच सांगितले की चूक माझी होती, चाक उलटे बसवले होते. वडील म्हणाले, ‘‘हुतं सर असं.’’ मुलगा काही बोलला नाही. मी मिस्त्रींचे नाव घेतले तेव्हा त्याने मान वर केली. ‘‘ते असणार हाईत का?’’ ‘‘असणार आहेत,’’ म्हणालो. मग त्याने सायकल बाहेर काढली. आम्ही दोघे पुलावरून चालत आलो. पुढचे चाक उचलून धरायचे होते, ते आळीपाळीने धरले.

टपरीत मिस्त्री पाटावर बसले आणि मी काम केले. आस, दोन्ही कोन, छर्रे सगळे नवे. कपात बॉलपेनचे टोक हळूच फिरवून पाहायला त्यांनी शिकवले. टोक गुळगुळीत सरकले तर कप चांगला, अडखळले तर खड्डा आहे. एका बाजूचे टोक सरकले, दुसऱ्या बाजूचे अडखळले. तो कप त्यांनी विरुद्ध बाजूने पोगर घालून ठोकून काढला आणि नवा लाकडाच्या ठोकळ्याने बसवून दिला. एवढे एकच काम त्यांनी स्वतः केले. ते घरी करू नये असे माझे मत आहे, तिरका बसला तर हब वाया जातो.

मग जुळणी. इथेच सगळी मेख आहे. घट्ट कोनाची बाजू उजवीकडे ठेवून तिकडचा नट आधी पुरता आवळायचा. मग डाव्या बाजूचा कोन बोटांनी छऱ्यांना टेकेपर्यंत फिरवायचा आणि तिथून किंचित मागे घ्यायचा. मग पातळ पान्याने कोन तसाच धरून ठेवायचा आणि दुसऱ्या पान्याने बाहेरचा नट आवळायचा. आवळताना कोन हटकून थोडा फिरतो, म्हणून पुन्हा सैल करायचे, पुन्हा जुळवायचे. मी पाच वेळा केले. घरी पहिल्यांदा मला अजिबात न डुगडुगणारे चाक हवे होते, म्हणून मी ते दाबून बसवले होते. मिस्त्री म्हणाले, चाक सोडून बघा. हवा भरायचा व्हॉल्व्ह असतो तिथे चाक इतर ठिकाणांपेक्षा जरासे जड असते. तो व्हॉल्व्ह आडवा ठेवून चाक सोडून द्यायचे. जुळणी बरोबर असेल तर व्हॉल्व्ह आपल्या वजनाने खाली येतो, पलीकडे जातो, परत येतो, लंबकासारखा झोके घेत राहतो. घट्ट असेल तर मध्येच थांबतो. पाचव्या वेळी तो खाली आला आणि झुलू लागला. मी सवयीने झोके मोजू लागलो. मुलगाही मोजत होता, हे मला त्याच्या ओठांवरून दिसले.

मागचे चाक त्याच आठवड्यात केले. तिथे चेनच्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या भोकातून खोल घालावे लागतात, त्यासाठी सौ.ची क्रोशाची सुई लागली. आसावर कॅरिअर, स्टँड, मडगार्ड यांच्या पट्ट्यांचे वायसर असतात, ते काढले त्या क्रमाने तारेत ओवून ठेवावेत. एरवी सगळे पुढच्यासारखेच. गाळ तिथेही होता.

घरी सायकल असेल त्यांनी पावसाळा संपला की एवढे करावे. चाक उचलून टायर डावी-उजवीकडे हलवून पाहावे, मग फिरवून सोडावे. टक्क वाजले, खरखरले किंवा जड चालले तर खोलून बघावे. सायकल पाण्यात बुडाली असेल तर ती बाहेरून कितीही स्वच्छ दिसो, त्याच महिन्यात खोलावी. आणि स्वतः केलेत तर पहिले आठ दिवस रोज एकदा चाक फिरवून पाहावे. मी ते केले नाही.

कापलेले पैसे मी मुलाला देऊ केले. नको म्हणेल असे वाटले होते. त्याने मोजून घेतले आणि खिशात ठेवले. मला बरे वाटले.

आता सायकल आवाज करत नाही. त्यामुळे मला पहाटे जाग येते ती आवाज नाही म्हणून. उठतो, गॅलरीत जातो आणि गल्लीच्या तोंडाकडे पाहत उभा राहतो. पहिले काही दिवस तो खाली बघत निघून जायचा. हल्ली कोपऱ्यावर वळला की एकदा घंटी वाजवतो. घंटी वाजव असे मी त्याला कधी सांगितलेले नाही.